नेस्तोरचा मोठा फोटो

बेपत्ता पोरांच्या आयांनी मोर्चात गळ्यात अडकवायचे फोटो लांबून ओळखू यायला हवेत. म्हणून नेलिदाने धाकट्या भावाला, ओव्हिदियोला, बजावलं होतं, "यंदा माझ्या नेस्तोरचा चेहरा चांगला परातीएवढा कर."

नेस्तोरला सैनिकांनी घरातून उचलून नेलं, त्याला चार वर्षं झाली होती. ओळखपत्रासाठी त्याचा फोटो ओव्हिदियोमामानेच काढला होता, मागे पांढरी चादर बांधून. आता मोंतेव्हिदेओतल्या आपल्या न्हाणीघरात, भरदुपारी खिडकीला घोंगडी लावून, त्याने लाल दिव्यात कागद औषधात बुडवला.

चेहरा उमटला, पण बोटभरच. मागे चादरच जास्त.

त्याने फोटो मोठा करायचा एन्लार्जर आणखी वर सरकवला, दुप्पट मोठा कागद घेतला. आता नेस्तोर गुडघ्यांपर्यंत दिसत होता, स्टुलावर बसलेला. ओव्हिदियोने तर फोटो फक्त खांद्यांपर्यंतच काढला होता.

"झाला का रे?" नेलिदाने बाहेरून विचारलं.

"होतोय. घाई नको करूस, ताई."

सगळ्यात मोठा कागद उरला होता. त्यावर स्टूल उमटलं, चादर उमटली, चादरीच्या कडेला दार उमटलं. दाराशी नेस्तोर पाठमोरा उभा होता आणि त्याच्या दंडावर कुणाचा तरी हात होता.

ओव्हिदियोने निगेटिव्ह काढून दिव्यापुढे धरली. तिच्यात नुसतं स्टूल होतं.

दारावर थाप पडली. त्याच फोटोची छोटी प्रत नेलिदाने चार वर्षं छातीशी जपली होती.

"ओव्हिदियो," ती हळूच म्हणाली, "मी आत्ता माझ्याजवळचा फोटो बाहेर काढून बघितला. माझं पोर कुठंय रे?"