न भाजणारा रस्ता

"यंदा डांबरी रस्ता पायांना भाजतच नाही. देवीची कृपा, दुसरं काय," नवरात्राच्या नेमाप्रमाणे देवळातून अनवाणी परतलेले रंगराव खुर्चीत टेकत म्हणाले.

"मग पाय पुसायची बुद्धीही द्यायची होती तिनं. सगळी फरशी कुंकवानं माखलीत," बायको करवादली.

त्यांच्या सुनेनं, मृणालनं, फरशीकडे पाहिलं. लाल ठसे फक्त डाव्या पायाचे होते, आणि ओले होते. सासऱ्यांना जुना मधुमेह होता. त्यात पाय हळूहळू बधिर होतात, हे तिला ठाऊक होतं.

ती फडकं घेऊन त्यांच्यापुढे बसली. तळव्यात बाटलीची काच खोल रुतली होती. तिनं श्वास रोखून ती उपसली, तशी रक्ताची धार लागली.

रंगराव मान मागे टेकून, डोळे मिटून बसले होते.

"झालं का गं पुसून?" त्यांनी विचारलं.