नावं जाहीर करा

ब्लॉगवर माझी ओळख एवढीच आहे : 'मी इर्शाद मुलाणी, राहणार पवन मावळ. नोकरी सोमाटण्यात, जीव गावात. राजकारण आणि समाज यांवर लिहितो. कुठल्याच पक्षात नाही.'

जानेवारीतल्या ग्रामसभेला गेलो, तेव्हा दारातच शिपायानं हजेरीचं रजिस्टर पुढं केलं. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा सोडलेला होता. मी खाली सही केली आणि शेजारी रुबाबात 'ब्लॉगर' असंही लिहिलं. अर्ध्या तासानं, कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली.

मार्चमध्ये गायरानाला तारेचं कुंपण पडलं. आत रिसॉर्टचं पार्किंग होणार, ग्रामसभेची मंजुरी आहे, असं कळलं. मी लगेच लिहिलं : 'न झालेल्या सभेत मंजुरी दिली कुणी? नावं जाहीर करा.' पोस्ट तालुकाभर फिरली.

आज नंदाबाई मावशी ठरावाची नक्कल घेऊन घरी आल्या. त्यांची शेरडं त्याच गायरानावर चरायची.

"नातीनं तुजं वाचून दाखवलं. लय झ्याक लिवलंस," त्या म्हणाल्या. "नावं मागितलीस न्हवं? ही घे."

वर ठराव होता, खाली आमच्या हजेरीच्या सह्या. पहिली माझी, 'ब्लॉगर'सकट.

"मावशी, मी सही केली तेव्हा वर काहीच लिहिलेलं नव्हतं!"

"आमाला कुटं वाचाय येतं, बाबा? तू लिवनारा मानूस. वाचूनच सही केली आसशील, म्हनून तुज्याखाली आमी समद्या बायांनी अंगठं लावलं."