बारा महिने, सगळे स्थगित

"बारा महिने कोणी मागितले?" रुचाने विचारलं. अमेरिकेत, हर्नडनमधलं तिचं ऑफिस. वकील, जन्म इथलाच.

श्रीरंग हसला. "मागेल कोण? सस्पेंड झाले ना! एक दिवसही आत गेली नाही ही."

ही म्हणजे पद्मिनी. त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी मॉलमध्ये एक परफ्यूम पर्समध्ये टाकला. गेल्या आठवड्यात पुण्याहून परतताना विमानतळावर अधिकाऱ्यांनी तिचं ग्रीन कार्ड काढून घेतलं.

गुन्हा: किरकोळ.
शिक्षा: बारा महिने, सगळे स्थगित.
भोगली: शून्य.

"गंभीर गुन्हा, फेलनी नाहीये ही," श्रीरंग म्हणाला. "मिसडिमीनर. मी नेटवर सगळं वाचलंय."

"ते स्टेट कोर्टात, काका. इमिग्रेशनचा कायदा वेगळा. चोरी, त्यात वर्षाची शिक्षा. सस्पेंड केली तरी वर्ष ते वर्षच. तिथे ती फेलनीच धरतात, तीही मोठी. डिपोर्ट करतील काकूंना. आय ॲम सॉरी, फार काही करता येणार नाही." रुचा पद्मिनीकडे वळली. "सरकारी वकिलाकडून दुसरी ऑफर नव्हती?"

"होती."

"पद्मिनी, ते आत्ता कशाला—"

"दहा दिवस जेल. मी हो म्हणत होते."

"हो म्हणत होती! मंडळाच्या गणपतीत कुठल्या तोंडाने गेलो असतो आपण? जेलमध्ये बसून आलेली बाई मोदक वाढणार—"

"तेव्हाचा वकील मला विचारत होता. उत्तर याने दिलं."

"तुझ्यासाठीच दिलं!"

पद्मिनीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "ते दहा दिवस बसले असते तर?"

रुचाने समोरची फाइल मिटली. मग म्हणाली, "कार्ड वाचलं असतं, काकू."

श्रीरंग ताडकन उठला. खुर्ची भिंतीवर आपटली. "म्हणजे आता सगळं माझ्यावर? चोरी कोणी केली? मी?"

"मी केली. म्हणून मीच बसणार होते."

बाहेर पार्किंगमध्ये गाडी होती. गाडीत त्यांची मुलगी नेत्रा होती, नऊ वर्षांची, अमेरिकन नागरिक. खिडकीतून ती तिघांकडे हात हलवत होती.

"तिला काय सांगायचं?" श्रीरंगचा आवाज खाली आला.

पद्मिनीने पर्स उचलली.

"तूच सांग. माझ्याऐवजी बोलायला तुला छान जमतं."