आठ जणांचा स्वयंपाक

आचाऱ्याने मेसेज तिसऱ्यांदा वाचला. 'काका, सुट्टीचं जेवण यंदा माझ्याकडे. आठ जण आहोत. पण मी आता व्हीगन झालेय. दूध, दही, तूप, अंडी, मध, सगळं बंद. तर काय काय करू?'

आचारी कुणाचाच काका नव्हता. हा नंबर त्याने महिन्यापूर्वी नवा घेतला होता. तुमचा नंबर चुकला, एवढं लिहून विषय संपला असता. पण कित्येक दिवसांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि हे तर स्वयंपाकातलं.

त्याने लिहिलं, 'तुपावाचून अडत नाही. काजू भिजत घाल.'

चाळीस वर्षं त्याने वसतिगृहाच्या मेसमध्ये काढली होती. चारशे पानांचा अंदाज कधी चुकला नाही. निवृत्त झाल्यापासून एकट्याचा भात मात्र रोज उरायचा.

मग मेसेज रोजचेच झाले. आत्याचे दात गेलेत, तिला सगळं मऊ लागतं, असं मेसेज करणाऱ्या मुलीने कळवलं. धाकट्याला तिखट सोसत नाही. दादा तर तोंडावर म्हणतो, हे गवत खाणार कोण. आचाऱ्याने आत्यासाठी नारळाच्या दुधातलं भोपळ्याचं सूप सुचवलं. दादाची जिरवायला मसूर आणि मशरूमची जाड वडी, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेली. ती त्याने आधी स्वतः करून पाहिली. दोनदा भुगा झाला. तो त्याने ओट्याशी उभ्यानेच खाल्ला, आणि दादा काय म्हणेल या विचाराने एकटाच हसला.

सुट्टीला चार दिवस उरले आणि मेसेज आला. 'काका, तुम्ही यायचंच. दुपारी एक वाजता.' खाली पत्ता होता.

दोन दिवस तो उत्तर लिहून खोडत राहिला. कुणा भल्या माणसाची पुतणी आपण फुकटात पळवली, असं त्याला वाटत राहिलं. शेवटी त्याने ठरवलं, दारातच खरं सांगायचं, वडीचा डबा हातात द्यायचा आणि परत फिरायचं.

सुट्टीच्या दिवशी त्याने शर्टाला इस्त्री केली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो मनातल्या मनात वाक्य घोकत गेला.

दार तिशीतल्या एका बाईने उघडलं. कमरेला एप्रन, कपाळावर घाम.

"मी तुझा काका नाही," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. घरच्यांचीही माफी माग माझ्या वतीने."

तिने डबा घेतला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "काकांच्या गाडीला अपघात झाला, त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या नंबरवर मी आपली लिहीत राहायचे. एक दिवस उत्तर आलं."

ती दारातून बाजूला झाली. आतल्या टेबलावर दोनच ताटं मांडलेली होती.

"आणि बाकीचे?" त्याने विचारलं. "आत्या, दादा, धाकटा?"

"सगळे त्याच गाडीत होते," ती म्हणाली. "या ना आत. सूप निवतंय."