पुढच्या सभेचं इतिवृत्त

शाळेमागचं मैदान बिल्डरच्या घशात घालायला नगरपालिकेच्या सभेत मी एकटीनेच विरोध केला. टेबल आपटलं, अध्यक्षांना तोंडावर चोर म्हटलं. आठवड्याने छापील इतिवृत्त हातात पडलं, तर त्यात 'ठराव एकमताने मंजूर!'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारकुनाच्या पुढ्यात ते कागद आदळले. "सभेत बसला होतात की झोपला होतात?"

"चिडू नका ताई," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "अध्यक्ष सांगतात आणि मी सभेआधीच लिहून ठेवतो. आजवर एक अक्षर बदलावं लागलेलं नाही. पुढच्या सभेचंही तयार आहे, बघा हवं तर."

मी ते हिसकावूनच घेतलं.



पहिलाच ठराव माझ्या निधनाबद्दल दुखवट्याचा होता. एकमताने मंजूर.