आधी तू सांग

"आधी तू सांग," धाकटी म्हणाली, आणि थोरलीने हातातला शर्ट टेबलावर आपटला.

"महिनाभर हेच ऐकतेय मी! आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी प्रवेश बंद होतील. तुझ्या तोंडून एका तरी कॉलेजचं नाव फुटेल का?"

"तू ठरव ना, ताई. मग मी सांगते."

लाँड्रीत वाफ दाटली होती. बाबा इस्त्री फिरवत होते, आई आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. दोघांनीही मान वर केली नाही. या भांडणात पडणं म्हणजे तापल्या इस्त्रीवर हात ठेवणं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मुली जुळ्या. थोरली काही मिनिटांनीच मोठी, पण घरात ती ताई, आणि ताईपणा तिने मनापासून निभावला होता. दवाखान्यात धाकटीचं दुखणं डॉक्टरांना तीच सांगायची. दुकानात धाकटीच्या चपलांचा रंगही तीच निवडायची. चेहरे इतके सारखे की गिऱ्हाइकं धाकटीलाही "काय ताई, झाले का आमचे कपडे?" असं विचारत. 'मी ती नव्हे' असं सांगणं धाकटीने केव्हाच सोडून दिलं होतं.

कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हाही थोरलीनेच कंबर कसली. धाकटीला ओढत नेऊन तिने चार कॉलेजं पालथी घातली. वर्ग पाहिले, प्रयोगशाळा पाहिल्या, वसतिगृहाच्या न्हाणीघरातले नळसुद्धा सोडून पाहिले. धाकटी सगळीकडे मुकाट्याने फिरायची आणि फाटकाबाहेर आली की विचारायची, "तुला आवडलं?"

"अगं, माझं सोड. तुला आवडलं का?"

"तुला आवडलं का ते सांग आधी."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नुसती शेपूट! स्वतःचं डोकं म्हणून चालवायचंच नाही का हिने कधी?

थोरलीला आवडलं होतं ते लांबचं कॉलेज. तिथे झाडांचा अभ्यास करायला मोठं काचघर होतं. त्या ओलसर उबेतून तिचा पाय निघेना. पण कॉलेज घरापासून दिवसभराच्या प्रवासावर. धाकटीला बस लागायची, परकं पाणी बाधायचं. आपण तिकडे गेलो की ही मागोमाग येणार आणि पहिल्याच महिन्यात अंथरूण धरणार, हे थोरलीला स्वच्छ दिसत होतं.

बाबांनी अखेर इस्त्री उभी केली. "पुरे आता. ताई, तू एकदाचं ठरवून टाक. ती येईलच तुझ्या मागून."

थोरलीने ते काचघर मनातून पुसून टाकलं.

"इथलंच. चौकापलीकडचं. झालं समाधान?"

धाकटी ताडकन उभी राहिली. "नक्की? मागाहून बदलणार नाहीस ना?"

"नाही म्हणजे नाही! हे बघ, तुझ्यासमोर करते." थोरलीने मोबाइलवर प्रवेश पक्का केला आणि स्क्रीन बहिणीच्या नाकासमोर धरली. "हं, आता घाल तुझंही नाव!"

धाकटीने स्क्रीन नीट वाचली. मग आपला फोन काढला. तिची बोटं भराभर चालली, एकदाही अडखळली नाहीत.

"मी लांबचं घेतलं," ती म्हणाली.

आईच्या हातून टाचणी पडली. "लांबचं? एकटी? अगं, तुला बस लागते!"

"लागू दे."

थोरलीने तिचा फोन ओढून स्क्रीन वाचली. "तुला ते आवडलं होतं? मग महिनाभर मिठाची गुळणी धरून का बसलीस? मला सांगितलं असतंस तर..."

"तर माझ्या काळजीने तूही तेच घेतलं असतंस." धाकटीची नजर ढळली नाही. "मला कुठलंही कॉलेज चाललं असतं, ताई. फक्त तुझं नको होतं."