मामाची मांडी

मी दवाखान्यात चक्कर येऊन पडलो. असं काही घडलेलंच नाही, असं आम्ही घरी एकमताने ठरवलं आहे.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या, तेजलच्या पायावर उकळता चहा सांडला होता. धुळ्याच्या दवाखान्यात ड्रेसिंग बदलायचं होतं आणि पट्टी जखमेला चिकटली होती. ओढायच्या आधी गुंगीचं, दुखणं कमी करायचं काही देता का, असं ताईने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "लहान पोरांना कशाला? पाच मिनिटांत विसरतात. मामा आलेत ना? घ्या मांडीवर."

माझ्या आईनेही मान डोलावली. "कान टोचताना मामानीच मांडी व्हती. मंग कसाले गुंगी?"

अशा रीतीने माझी भूलतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली.

पट्टी पूर्ण निघेपर्यंत तेजल किंचाळत राहिली आणि मी तिचे हात धरून ठेवले. मग तिला ताईकडे दिलं, उठलो आणि ट्रॉलीवर कपाळ आपटून आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर सुई घेऊन माझ्यावर वाकले होते. "दोन टाके घालायचेत. आधी जागा बधिर करतो, नाहीतर फार दुखेल हो."

तेजल हुंदके आवरून बघत होती. "मामा, तू मोठा आहेस म्हणून का?"



घरी येऊन मी डॉक्टरांना अर्ज लिहिला: तरी पुढच्या, शुक्रवारच्या ड्रेसिंगला चि. तेजल हिचे वय माझ्याइतके धरण्यात यावे, ही नम्र विनंती.